साठ असामी आणि पन्हाळा

दिवाळीच्या सुट्टीत मुलुंड-घाटकोपरकडच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या आवारात डोकावून पाहावे. विटांचे तुकडे, गोणपाट, चिखल, त्यावर पेरलेले अळीव, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे आणि सर्वांत वर महाराज. आमच्या आवारातल्या मुलांनी एका वर्षी पन्हाळा करायला घेतला. माती हवी तेवढी होती. मावळे मात्र मोजके. मुलांतला सर्वांत धाकटा, हातात एक तुटक्या भाल्याचा मावळा धरून, मला विचारता झाला, "काका, एवढ्याशा माणसांनी किल्ला घेता येतो का हो?" मी "येतो" म्हणालो. त्याचे तेवढ्याने भागले. माझे भागले नाही, म्हणून हा लेख.

पन्हाळा हा काही एका टेकाडावरचा बुरूज नव्हे. कोल्हापूरच्या वायव्येस सहा कोसांवर पसरलेल्या या गडाचा घेर साडेचार मैलांचा आहे. आत तळी, विहिरी, धान्याची प्रचंड कोठारे. अंबारखाना आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर या गडाची नजर. असा गड ज्याच्या हाती, त्याच्या हाती तो सारा मुलूख. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजीमहाराजांनी तो घेतला होता. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा वेढा, जुलैतली ती पावसाळी रात्र आणि बाजीप्रभूंची खिंड हे सर्व घडले. ते प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. त्यानंतर गड आदिलशहाला द्यावा लागला, ही गोष्ट मात्र आपण गोष्ट सांगताना हळूच वगळतो.

आणखी एक गोष्ट आपण वगळतो. १६ जानेवारी १६६६ रोजी महाराजांनी पन्हाळ्यावर स्वतः छापा घातला होता. पुरंदरच्या तहानंतरचे ते दिवस. महाराज मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेबरोबर विजापूरच्या मोहिमेत होते. सूर्योदयाला दोन-तीन तास असताना हल्ला झाला. किल्ल्यातले लोक जागे होते. सुमारे एक हजार माणूस मेले आणि जखमी झाले, आणि माघार घ्यावी लागली. नेताजी पालकर वेळेवर पोहोचला नाही, म्हणून त्याच्याशी बिनसले आणि तो विजापूरकरांकडे निघून गेला. एका रात्रीत हजार माणसांचे रक्त आणि एक सरनोबत गमावला. माझ्या मते पन्हाळ्याची खरी कथा इथून सुरू होते. महाराजांच्या यशाच्या कथा आपण मुलांना सांगतो त्या सांगाव्यातच. पण हे अपयश सांगितल्याशिवाय पुढचे यश कळत नाही.

पुढे सात वर्षे गेली. २४ नोव्हेंबर १६७२ रोजी दुसरा अली आदिलशहा वारला. गादीवर चार-पाच वर्षांचा सिकंदर बसला, कारभार खवासखानाच्या हाती गेला आणि दरबारात तट पडले. अशा वेळी किल्ल्यावरच्या माणसाला आपला धनी कोण हेच नीट उमगत नाही. रायगडावर ही संधी ओळखली गेली. कामगिरी अण्णाजी दत्तोंवर सोपविली आणि प्रत्यक्ष गड चढायला निवडला तो कोंडाजी फर्जंद. फर्जंद या फारसी शब्दाचा अर्थ पुत्र.

या प्रसंगाचे वर्णन जयराम पिंडे या समकालीन कवीने 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' या संस्कृत काव्यात केले आहे. हे काव्य सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२३ साली संपादून छापले. कवीची भाषा अर्थातच अलंकारांनी लवलेली. ती थोडी बाजूला सारली की खाली हकिकत सापडते. महाराजांनी कोंडाजीला निघण्यापूर्वीच सोन्याचे कडे दिले. काम फत्ते झाल्यावर बक्षीस, ही जगाची रीत. इथे बक्षीस आधी. आता परत यायचे तर गड घेऊनच, हे न बोलताच सांगून झाले.

माणसे किती न्यायची? साठ. हजारांनी जे साधले नाही त्यासाठी साठ! वरवर पाहता वेडेपणा. पण नीट विचार केला तर हाच शहाणपणा. हजार माणसे अंधारात चढू लागली की दगड निसटतात, शस्त्रे आपटतात, कोणी खोकतो. साठ निवडक माणसे एकमेकांचा श्वास ओळखतात. त्यांना कोणत्या तालमीत शिकविले, असे विचाराल तर तशी वेगळी तालीम नव्हती. मावळातल्या पोराची तालीम गुरांमागे कडे चढताना होते. काळोखात पाय कुठे ठेवायचा, कुठला दगड भार घेईल, हे त्याच्या तळव्याला ठाऊक असते. शिकवावी लागते ती शिस्त. ती सिंहगडापासून, म्हणजे फेब्रुवारी १६७० पासून, अनेक रात्रींनी शिकविली होती. (घोरपडीची गोष्ट मुलांना आवडते, सांगायला हरकत नाही. पण कडा चढतात ती माणसे.)

अण्णाजी दत्तो राजापुराकडून आले. किल्ल्याची आतली माहिती हेरांकरवी काढली होती. ते स्वतः कुमक घेऊन गडाखालच्या रानात दबा धरून राहिले आणि कोंडाजीने रात्र निवडली ती फाल्गुन वद्य त्रयोदशीची; इंग्रजी तारीख ६ मार्च १६७३. वद्य त्रयोदशीचा चंद्र पहाटेच्या तोंडावर उगवतो, तोही नखाएवढा. तोवर सारा काळोख. जिथे कडाच तट, तिथे पहारा ढिला असतो, हा गडकोटांचा जुना अनुभव. एकाने वर जाऊन दुसऱ्याला हात द्यायचा, अशी ती साखळी गडावर पोहोचली.

यानंतर कोंडाजीने केले ते मला सर्वांत विलक्षण वाटते. इतका वेळ श्वास रोखून चढलेल्या त्या माणसांनी वर येताच एकदम कर्णे फुंकले, आणि तेही एका जागी नव्हे, निरनिराळ्या बाजूंनी. झोपेतून उठलेल्या किल्ल्याला वाटले, चहूंकडून फौज चढून आली. साठांचे सहाशे झाले, हजार झाले. अंधारात शत्रू मोजता येत नाही. मोजतो तो कान. गडावर धांदल उडाली. किल्लेदार तलवार घेऊन पुढे आला, तो कापला गेला. नागोजी पंडित हा अधिकारी आरडाओरडीने जागा झाला आणि प्रसंग पाहून पळाला. धन्यावाचून लढाई लवकर विझते. पहाटेपर्यंत पन्हाळा स्वराज्यात होता.

महाराज ही बातमी ऐकून रायगडाहून निघाले आणि स्वतः पन्हाळ्यावर आले. तेरा वर्षांपूर्वी पावसातून रात्री ज्या गडावरून निसटावे लागले, सात वर्षांपूर्वी ज्याच्या पायथ्याशी हजार माणसे पडली, त्या गडावर ते चढत असताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचे वर्णन कवींनी करावे. पाठोपाठ परळी आली, साताराही आला.

याच सुमारास प्रतापराव गुजरांनी उमराणीस कोंडलेल्या बहलोलखानाला सोडून दिले. महाराजांचे बोल जिव्हारी लागले आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव सहा स्वारांनिशी नेसरीला खानावर तुटून पडले. त्या सातांवर आपण गाणी गातो; डोळ्यांत पाणीही येते. साठ जिवंत परतले त्यांच्यावर कोणी फारसे गाणे रचले नाही. त्यांतल्या बहुतेकांची नावेही उरली नाहीत.

कोंडाजीचे नाव पुन्हा एकदा येते, ते जंजिऱ्याच्या संदर्भात. संभाजीराजांच्या कारकिर्दीत, १६८१ च्या सुमारास, तो रुसून फितल्याचे सोंग घेऊन मूठभर सोबत्यांनिशी सिद्दीकडे गेला. आतून दारूकोठार उडवून द्यावे, असा बेत होता. या वेळी चढायला कडा नव्हता, फुंकायला कर्णा नव्हता; शत्रूच्या घरात हसत-बोलत दिवस काढायचे होते. बेत फुटला. सिद्दीने कोंडाजीचे मस्तक मारले.

पन्हाळा पुढे मराठ्यांची राजधानी झाला. जंजिरा कधीच घेता आला नाही.