अनुदानाचा दिवा आणि तेलाची तजवीज

धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. देवासात तर तोवर थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन दरबार एकाच गावात नांदत होते. त्या काळी सार्वजनिक संस्थांची दृष्टी दरबाराकडे असे. आज पालिकांची दृष्टी केंद्र व राज्य सरकारांच्या अनुदानाकडे असते. दाता बदलला, परंतु दिवा कोणी द्यावा आणि तेल कोणी घालावे, हा प्रश्न तोच राहिला.

त्याचे विचारपूर्वक उत्तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात सापडते. १९१० साली त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. गावाने वर्गणी जमविली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार देई. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी ग्रंथालयाच्या इमारतीस पैसा देताना, देणगीच्या दशांशाइतकी रक्कम दरसाल खर्चण्याची हमी नगरपालिकेकडून घेत. घेणाऱ्यानेही आपला वाटा उचलावा, हेच दोहोंचे तत्त्व होय.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने रस्त्यांवरील दिव्यांसह सार्वजनिक सोयी पालिकांच्या विषयांत घातल्या. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २०१५ साली सुरू झालेल्या पथदीप कार्यक्रमात उपकरणांचा खर्च सरकारी कंपनीने आधी करावा व पालिकेने तो वीजबचतीतून फेडावा, अशी योजना होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी, धार-देवाससारख्या दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेस बांधून दिली. उरलेली ४० टक्के स्थानिक गरजांसाठी मोकळी होती. मात्र वेतन व आस्थापनेवर ती खर्चता येत नसे. म्हणजे जुने पंखे बदलण्यास अनुदानात वाव असला, तरी ते राखणाऱ्या माणसाचा पगार पालिकेच्याच तिजोरीतून निघावयाचा.

एक साधा हिशेब पाहावा. सार्वजनिक वास्तूतील ७५ वॅटचे वीस पंखे काढून ३० वॅटचे बसविले आणि ते रोज दहा तास, वर्षातील ३०० दिवस चालले, तर २,७०० युनिट वाचतात. ही बचत पालिकेच्या सर्वसाधारण जमाखर्चात विरून गेली, तर पाच-सात वर्षांनी पंखे पुन्हा बिघडतील आणि पुन्हा अनुदानाचा अर्ज लिहावा लागेल. तीच रक्कम त्या वास्तूच्या नावे वेगळी ठेवली, तर तिच्यातून दुरुस्ती होईल आणि वाचनालय असल्यास दोन कपाटे ग्रंथही येतील.

जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, उंच छत आणि झरोके यांनी विजेविना गारवा राखला. नवी उपकरणे बसविताना ते झरोके बुजवू नयेत, एवढे भान ठेवावे. शताब्दीच्या निमित्ताने आपण सभासदांनी पालिकेकडे अनुदान अवश्य मागावे. परंतु अर्जासोबत वाचलेल्या पैशाचा हिशेब दरसाल सभेपुढे ठेवण्याची हमीही द्यावी. पुढील शतकासाठी तीच खरी तेलाची तजवीज ठरेल.