रेग्युलर एक्स्प्रेशन क्लास (जावा)
मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारी सूत्रे हाताळणारा क्लास. जावात तो ‘पॅटर्न’ या नावाने २००२ साली, १.४ आवृत्तीत आला. सूत्रांचा गणिती पाया स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात घातला. उदाहरणार्थ, गिरगावातल्या खोताच्या वाडीचे पत्ते घ्या: कोणी नाव जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी गिरगाव अनुस्वार देऊन. ‘खोताची ?वाडी, गिरगां?व’ हे एकच सूत्र चारही रूपे पकडते, कारण प्रश्नचिन्ह लगतच्या आधीचे चिन्ह ऐच्छिक ठरवते. युनिकोडमध्ये अनुस्वार, काना, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे ‘कोणतेही एक चिन्ह’ दर्शवणारा टिंब ‘वाडी’साठी चारदा द्यावा लागतो, मराठी मजकुरात हमखास फसगत होते ती इथेच. सूत्र एकदाच संकलित करून पुनःपुन्हा वापरावे.