२८ ऑक्टोबर : फ्लोरेसची बुटकी बाई

२००४ : इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरील लिआंग बुआ गुहेत सापडलेल्या सांगाड्यावरचे शोधनिबंध ‘नेचर’च्या या तारखेच्या अंकात आले. बाई प्रौढ, उंची जेमतेम एक मीटर, मेंदू चिंपँझीएवढा. पीटर ब्राऊन, माइक मॉरवुड आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी तिला नवी प्रजाती ठरवून ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ असे नाव दिले. वर्तमानपत्रांनी ‘हॉबिट’ म्हणून ती जगभर नेली. हाडे इतकी मऊ होती, की नेलपॉलिश रिमूव्हर आणि गोंद यांचे मिश्रण लावून ती टणक करावी लागली.

लगेच वादाला तोंड फुटले. इंडोनेशियातील ज्येष्ठ मानववंशशास्त्रज्ञ तेउकू याकोब यांच्या मते ही तुमच्याआमच्यासारखीच माणूस, फक्त जन्मजात लहान मेंदूच्या विकाराची. त्यांनी हाडे आपल्या योग्याकार्ताच्या प्रयोगशाळेत नेली. २००५ मध्ये ती परत आली तेव्हा काहींची मोडतोड झालेली होती आणि मग शास्त्र बाजूला राहून मानापमानच रंगला.

निकालाकडे झुकवले ते मनगटाने. २००७ मध्ये तिथली चिमुकली हाडे तपासली, तर त्यांची घडण आधुनिक माणसाची नव्हे, आफ्रिकी वानरांच्या वळणाची निघाली. विकाराने कवटी लहान होईल. मनगट लाखो वर्षे मागे कसे जाईल? २०१६ मध्ये त्याच बेटावर माता मेंगे येथे सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचा तसाच इवलासा जबडा सापडल्याचे जाहीर झाले. आता ही वेगळी प्रजाती असल्याचे बहुतेक तज्ज्ञ मानतात. तिचे पूर्वज कोण, यावर मात्र अजून जुंपलेलीच आहे.