आकाशवाणीचा उंबरठा

बुधवारची रात्र. आठ वाजायला आले की मुंबईतल्या चाळींत रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर सरकायचा. आधी खरखर, मग शिट्टीसारखा आवाज, आणि बोटाने बटण केसभर फिरवलं की निवेदक अमीन सयानींचा आवाज स्पष्ट व्हायचा. कार्यक्रम तयार व्हायचा मुंबईतच. पण ध्वनिमुद्रित टेप विमानाने कोलंबोला जायची, आणि तिथून रेडिओ सिलोनच्या लहरींवर गाणी समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईत यायची. मुंबईची गाणी मुंबईकरांना परदेशातून का ऐकावी लागत होती?

त्याचं उत्तर 1952 साली दिल्लीत सापडतं. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीताची जाण असलेल्या या मराठी मंत्र्याला सिनेमाची गाणी उथळ आणि पाश्चात्त्य ठेक्यांच्या आहारी गेलेली वाटत. आकाशवाणीवरचा या गाण्यांचा वेळ त्यांनी कमी करायला लावला. गाणं वाजवताना चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात ठरते, असाही दंडक आला. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसं झालं.

लोकांनी काटा फिरवला. रेडिओ सिलोनकडे महायुद्धाच्या काळातला शक्तिशाली ट्रान्समीटर होता, आणि 1950 पासून तिथे जाहिरातींवर चालणारं प्रसारण सुरू झालं होतं. 3 डिसेंबर 1952 रोजी तिथे सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सुरुवातीला सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती चित्रपटांच्या कालक्रमाने लावून पाठवायची, अशी स्पर्धा होती. पुढे गाण्यांना लोकप्रियतेनुसार ‘पायदान’, म्हणजे क्रमांक, मिळू लागलं. पत्रांचे ढीग येऊ लागले. बिहारमधल्या, आता झारखंडमध्ये असलेल्या झुमरी तलैया या छोट्या गावाचं नाव फर्माइशींमुळे देशभर पोचलं.

सिलोनचा दरवाजाही सताड उघडा नव्हता. तिथे मंत्र्यांच्या जागी ‘बिनाका’ टूथपेस्टची कंपनी, वेळ विकत घेणारे निर्माते आणि रेकॉर्ड विकणारी दुकानं होती. कोणतं गाणं किती खपलं यावर पायदान ठरे, आणि दुकानातला माल संपला की लोकप्रिय गाणंही खाली घसरण्याची भीती असे. त्यावर उतारा म्हणून श्रोत्यांच्या मंडळांची मतंही विचारात घेतली जाऊ लागली. राखणदार बदलला होता, राखण संपली नव्हती.

खरं तर आकाशवाणीचा उंबरठा केसकरांच्याही आधीपासून उंच होता. 1940 साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. स्वरावरून स्वरावर सरकणारी मींड आणि सूक्ष्म श्रुती या परदेशी वाद्यातून निघत नाहीत, हे त्यामागचं कारण. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचाही या वाद्याला विरोध होता. महाराष्ट्राला हा घाव जास्त लागला. संगीत नाटकाच्या रंगमंचासमोर पायपेटी वाजल्याशिवाय पडदा उघडत नसे, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने पेटीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली होती. रेडिओवर मात्र पेटीची जागा सारंगीने घेतली. बंदी सैल व्हायला तीस वर्षं लागली, आणि तीही आधी साथीपुरतीच.

गायकवादकांचीही पारख सुरू झाली. केसकरांच्या काळात श्रीकृष्ण रातंजनकरांच्या नेतृत्वाखाली ऑडिशनची व्यवस्था उभी राहिली. कलाकार गायचा, परीक्षक त्याला न बघता ऐकायचे आणि श्रेणी द्यायचे. वर्षानुवर्षं मैफली गाजवलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली, तेव्हा मुंबईत निषेध झाला. पण दुसरी बाजूही खरी आहे. संस्थानं विलीन झाल्यावर ज्या कलावंतांचा दरबार गेला, त्यांना आकाशवाणीने मानधन दिलं. 1952 सालीच सुरू झालेल्या ‘संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमा’मुळे, मैफलीचं तिकीट न परवडणाऱ्या घरांतही शनिवारी रात्री मोठे गवई ऐकू येऊ लागले.

सिनेसंगीत गेल्यावर रिकामी झालेली जागा सुगम संगीताने भरायची, असं केसकरांचं धोरण होतं. मराठीत ती भरली गेली, आणि उत्तम भरली गेली. 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रात सीताकांत लाड हा रसिक अधिकारी होता. त्याने कवी ग. दि. माडगूळकर म्हणजेच गदिमांना वर्षभर चालेल अशी गीतमालिका लिहायला सांगितलं. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. सुधीर फडक्यांची चाल आणि दर आठवड्याला एक नवं गीत, असं करत 56 गीतं झाली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरं होती, असं जुनी माणसं अजून सांगतात. मुंबई केंद्रावर यशवंत देवांसारखे संगीतकार आणि मंगेश पाडगावकरांसारखे कवी याच काळात भावगीताला घडवत होते.

म्हणून केसकरांचा हिशेब एका रकान्यात मांडता येत नाही. लोकांची आवड हुकमाने बदलता येईल, हा त्यांचा समज सपशेल चुकला. दरवाजा बंद करून त्यांनी श्रोते सुधारले नाहीत, गमावले. पण कवी, गायक आणि वादक एका छताखाली आणून, त्यांना वेळ आणि विश्वास देऊन जे घडवलं गेलं ते टिकलं.

सरकारलाही हे कळायला फार वेळ लागला नाही. केसकर मंत्री असतानाच, 3 ऑक्टोबर 1957 रोजी, पंडित नरेंद्र शर्मांच्या कल्पनेतून विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर हक्काने परतली. 1967 मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथून तिच्यावर जाहिरातीही आल्या. ‘गीतमाला’ मात्र सिलोनवरच राहिली. ती विविध भारतीवर आली 1989 साली. मुंबईत तयार होणाऱ्या त्या कार्यक्रमाला मुंबईच्याच रेडिओवर पोचायला 37 वर्षं लागली.