एका फार्दिंगचा निकाल

यश मिळवावे आणि तरीही नम्र राहावे, हे ख्रिस्ती माणसापुढचे कोडे फार जुने आहे. व्यापाऱ्याला तर ते अधिकच अवघड. इंग्लंडातील क्वेकरांनी ते सोडविण्याचा जो उद्योग केला, त्याकडे आम्ही कामगार चळवळीतली माणसे कुतूहलाने पाहत आलो आहोत; कारण मालकाची धर्मबुद्धी कोठवर पोचते, हे जोखण्याची पाळी आमच्यावर नेहमीच येते.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून हा पंथ निघाला. या लोकांना शपथ नको, थोरामोठ्यांपुढे टोपी काढणे नको. साधा पोशाख आणि मौन प्रार्थना, एवढाच त्यांचा थाट. ऑक्सफर्ड-केंब्रिजची आणि सरकारी अधिकाराची दारे बंद, म्हणून ते व्यापारात शिरले. घासाघीस न करता एकच भाव सांगू लागले, तेव्हा गिऱ्हाईक त्यांच्याच दुकानाकडे वळले. धर्म म्हणून पाळलेला खरेपणा भांडवल होऊन बसला! उलट दिवाळे काढणाऱ्याला पंथ बाहेर घालवी.

त्यांपैकीच कॅडबरी घराणे. जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅमला दुकान घातले. त्याच्या मुलांनी १८७९ साली कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिलला नेला. जॉर्ज कॅडबरीने तेथे बागांसह घरे बांधली आणि १९०० साली ३१३ घरांची ती वसाहत एका विश्वस्तमंडळाच्या हवाली केली. वारसांसाठी राखली नाही. हा मनुष्य ढोंगी नव्हता, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. ढोंगी असता तर पुढच्या हकीकतीत शिकण्यासारखे फारसे उरले नसते.

या कारखान्याचा बराचसा कोको साओ तोमे या आफ्रिकेजवळच्या पोर्तुगीज बेटावरून येई. तेथले मजूर अंगोलातून आणलेले. करार कागदावर पाच वर्षांचा. परत आलेला माणूस मात्र जवळजवळ कोणी पाहिला नव्हता. १९०१ साली विल्यम कॅडबरीच्या कानावर ही गुलामगिरी आली. मळ्याच्या विक्रीच्या एका जाहिरातीत तर मजुरांचीही किंमत धरलेली होती. पुढे काय झाले? १९०३ साली तो लिस्बनला जाऊन आला. १९०५ साली जोसेफ बर्ट नावाचा माणूस चौकशीला पाठविला; त्याचा अहवाल १९०७ साली हाती आला. मध्यंतरी, १९०६ साली, हेन्री नेव्हिन्सनने पुस्तक लिहून सारे उघड्यावर मांडले होते. इंग्लंडचे परराष्ट्र खाते ‘दमाने घ्या’ म्हणत राहिले. खरेदी चालूच होती. ती थांबली मार्च १९०९ मध्ये.

कॅडबरींचे म्हणणे असे की, गिऱ्हाईक राहिलो तरच पोर्तुगीज आमचे ऐकतील. हा युक्तिवाद आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळ ऐकला आहे. तो नेहमीच खोटा नसतो. पण गाजावाजा न करणे, समजुतीने घेणे, राग आवरणे हे जे क्वेकरांचे सद्गुण, तेच येथे विलंबाला उपयोगी पडले. धीर कॅडबरींनी धरायचा आणि त्याची किंमत मजुराने मोजायची, असा तो व्यवहार झाला. बोर्नव्हिलचा कामगार रोज डोळ्यांसमोर होता. साओ तोमेचा समुद्रापलीकडे.

‘स्टँडर्ड’ पत्राने सप्टेंबर १९०८ मध्ये नेमके येथेच बोट ठेवले. जॉर्ज कॅडबरीचे ‘डेली न्यूज’ दक्षिण आफ्रिकेतील खाणींतल्या चिनी मजुरांसाठी कळवळत होते, आणि घरच्या कोकोचे काय? कॅडबरींनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला खटला चालला. स्टँडर्डतर्फे एडवर्ड कार्सन उभा होता. त्याने विल्यमला विचारले, या आठ वर्षांत तुमच्या कोकोपायी किती गुलाम मेले, याचा कधी अंदाज केलात काय? उत्तर नकारार्थी आले.

ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कॅडबरींनी पुढे गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, कोको घेण्यास सुरुवात केली. साओ तोमेचे मजूर या खटल्यात ना वादी होते, ना प्रतिवादी. त्या फार्दिंगवरही त्यांचा हक्क नव्हता.