मलिक अंबरची जमाबंदी आणि ढगातला सातबारा

सोनईच्या पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी सातबाऱ्यासाठी उभा होतो. पोराने गट नंबर टाकला, 15 रुपये भरले आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा बाहेर आला. त्यावर अब्बांचे नाव ‘महमद’. आधारवर ‘मोहम्मद’, पासबुकात ‘महंमद’. माणूस एकच. जुन्या तलाठ्याला हे समजावून सांगावे लागत नसे, तो अब्बांना चेहऱ्याने ओळखायचा. सर्व्हर अक्षराने ओळखतो.

उतारा हातात घेतला की मला त्यावरची भाषा दिसते. महसूल, हक्क, वारस, नक्कल हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ते इथल्या दप्तरात रुजले त्याला मोठे कारण निजामशाही. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, मलिक अहमदने 1490 मध्ये वसवले. पण शेतकऱ्याच्या आठवणीत राहिला तो हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला मलिक अंबर. 1600 नंतर निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. त्याने वसुलीचा इजारा बंद केला, जमिनीची प्रत ठरवली, गावाचा आकार बांधला आणि वसुली पाटील-कुलकर्ण्यांमार्फत सुरू केली. 1626 मध्ये तो गेला, तरी पुढे मराठी कागदपत्रांत त्याचा धारा नावानिशी येत राहिला. मुसलमान राज्यकर्ता म्हटला की फक्त लढाया आठवणाऱ्यांनी ही बाजूही वाचावी. मलिक अंबर नुसता गनिमी काव्याचा सेनापती नव्हता, हिशेबाचाही माणूस होता.

इंग्रजांनी 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताने इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली. सारा रोख, ठरल्या मुदतीत. पीक बुडाले की सावकाराचे दार. त्या दाराआड शेतकऱ्याला वाचता न येणारे खत पडून असायचे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक उठले आणि लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोचले. या दंग्यात लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत, हल्ला केला तो कागदावर. खते हिसकावून जाळली. 1879 च्या कायद्याने मग कर्जखतांच्या नोंदणीची सोय केली. शेतकऱ्याला कळत होते की आपली गुलामी कुठे लिहून ठेवली आहे.

आता ती जागाच सापडत नाही. सातबारा आधी तालुक्याच्या संगणकात गेला, नंतर दूरच्या सर्व्हरवर. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. त्याच वर्षी जानेवारीत राज्याने सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले होते. दुसऱ्याचे यंत्र भाड्याने घ्यायचे, वापराल तेवढे पैसे द्यायचे, हा ॲमेझॉनने 2006 मध्ये मांडलेला धंदा. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे-मुंबईत आणि 2016 मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे उघडली. गावाकडे हे सगळे पीककर्जाच्या रूपाने पोचते. कर्ज देणारी बँक उतारा स्वतः पाहू शकते, बोजाची नोंद ऑनलाइन होते. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी उभ्या पिकाचा फोटो स्वतःच चढवतो. हेलपाटे वाचले, चिरीमिरी घटली, हे मान्यच करायला हवे. मी तो जुना काळ परत मागत नाही.

इथून जवळच शनिशिंगणापूर. घरांना दारे नसलेल्या या गावात 2011 मध्ये युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा त्याची बातमी सगळीकडे झाली. लोकांनी श्रद्धेचे कौतुक केले. मला वेगळेच वाटले. कोअर बँकिंग आल्यापासून खातेवही शाखेत राहिलीच कुठे? कुलूप आहे, पण ते दुसऱ्या शहरात.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न घराच्या शेतापुरता नाही. मशिदी, दर्गे, कबरस्ताने यांच्या इनाम जमिनी जुन्या सनदांवर आणि मोडीतल्या नोंदींवर उभ्या आहेत. 6 जून 2025 ला ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि देशभरातल्या वक्फ मिळकतींची माहिती चढवायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. शेकडो वर्षांचा कागद, सहा महिने. ज्या मुतवल्लीला मोडी वाचता येत नाही आणि पीडीएफही करता येत नाही, त्याने काय करायचे? अनेक गावांत हे काम शिकलेल्या पोरीच करू शकतील. त्यांना जमातीच्या बैठकीत बसायला जागा आहे का, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

आमच्या ‘महमद’चे म्हणाल तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनचूक दुरुस्तीचा अर्ज तयार केला आहे. जोडायला अब्बांचा शाळेचा दाखला काढला. त्यावर नाव आहे ‘महम्मद’.