सिकलसेल : आईबाप ठणठणीत, मग बाळाला आजार कसा?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भ, नंदुरबार, गुजरात आणि मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात तो जास्त दिसतो. संबंधित जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच सदोष असेल तर माणूस 'वाहक'. त्याला सहसा त्रास नसतो, म्हणून पत्ताही लागत नाही. दोन्ही सदोष असतील तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त कमी पडतं, हाडं-सांधे ठणकतात.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० आणि निर्दोष २५. घोळ होतो तो इथंच. पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक मांडतात. तसं नसतं. आईचं एक नाणं, वडिलांचं एक; दर खेपेला दोन्ही नव्यानं उडतात. आणि दोष एकट्या सुनेचा, हे तर साफ खोटं.

सोल्युबिलिटी चाचणीत सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. सासर-माहेर वेगवेगळ्या राज्यांत असेल तर दोघांचे रिपोर्ट लग्नाआधीच शेजारी ठेवून बघावेत.